चारशे ग्रॅम

मळ्यातले टोमॅटोचे क्रेट उचलूनच सुवर्णाचे खांदे तयार झाले, असं तिचे वडील कौतुकाने सांगायचे. पंचाहत्तर किलो गटात ती सलग नऊ वर्षं राज्याची बॉक्सिंग विजेती होती. तिचा ठोसा फार जोरकस नव्हता. पण तिसऱ्या फेरीत समोरची दमायची आणि सुवर्णा तशीच पुढे येत राहायची. मखमलाबादच्या तिच्या क्लासमधून पुढे कितीतरी मुली राज्यापर्यंत खेळल्या.

यंदा गावाने तिचा सत्कार ठरवला. स्मरणिकेसाठी माहिती लिहायला ती बसली आणि सहाव्या वर्षापाशी अडली. दुसऱ्या दिवशी एसटीने इगतपुरीला गेली, तेव्हा तिच्याच गटात खेळणाऱ्या पूजाकडे.

पूजाने त्या वर्षी सरावात तिला दोनदा लोळवलं होतं. स्पर्धेच्या सकाळी मात्र पूजाचं वजन चारशे ग्रॅम जास्त भरलं.

"ताई, परत वजन करू देतात का?" तिने रडवेली होऊन विचारलं होतं.

वजनाची वेळ संपायला तासभर होता. दोरीवरच्या उड्या मारायच्या, घाम गाळायचा आणि पुन्हा काट्यावर उभं राहायचं. सुवर्णा स्वतः एकदा तशीच वाचली होती.

"नाही गं. एकदाच," ती म्हणाली.

आता पूजा घरी शिवणकाम करत होती. तिने लेकीला हाक मारली. "ये, बघ कोण आलंय! मी बाद झाले तेव्हा या ताईंनी मला जवळ बसवून पाणी पाजलं होतं."

सुवर्णाला मान वर करवेना. चहा यायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी खेळले असते?" पूजाने विचारलं.

"जिंकलीही असतीस. म्हणूनच खोटं बोलले."

"आमचे वडील म्हणायचे, पोरीचा खाण्यावर ताबा नाय. परत स्पर्धेला पाठवलंच नाय त्यांनी मला. मलाही तेच खरं वाटायचं, बारा वर्षं." पूजाने लेकीला आत पाठवलं. "ताई, तुम्ही जा आता."

सत्काराच्या दिवशी शाल घेण्याआधी सुवर्णाने माईक मागून घेतला. पूजाचं नाव घेऊन तिने आपण काय केलं ते सांगितलं. कुणीच टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी घाईघाईने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. त्या आठवड्यात क्लासला तीन मुली आल्या नाहीत. का, हे विचारायला फोन करण्याचं तिचं धाडस झालं नाही.

चार दिवसांनी जेवताना वडील म्हणाले, "बाकीची आठ विजेतेपदं तरी तुझीच ना?"

"आधीची पाच माझी," सुवर्णा म्हणाली. "नंतरची तीन वर्षं पूजा खेळतच नव्हती, दादा."

ते ताटावरून उठले आणि मळ्याकडे निघून गेले.