तेलात कालवलेलं कुंकू

माझा धंदा गंज शोधण्याचा. अबूधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत गेली बावीस वर्षं मी पाइप आणि टाक्यांच्या पोटात टॉर्च घालून बघतो आणि लोखंड कुठे किती खाल्लं गेलंय याचा रिपोर्ट लिहितो. प्रत्येक रिपोर्टवर पाच जणांच्या सह्या असतात आणि वाचतो तो मी एकटाच. वीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा कंपनीनं मला काचेचा एक ठोकळा दिला. तो देणारे साहेब तीन आठवड्यांपूर्वीच नोकरीला लागले होते. त्यांनी माझ्या दीर्घ निष्ठेचं कौतुक केलं. तो ठोकळा आता घरामागच्या शेडमध्ये वायरिंगचे नकाशे उडू नयेत म्हणून ठेवलाय. त्या कामाला चांगला आहे.

शेडमध्ये गाडी आहे. अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची, सत्तरच्या दशकातली. मुसफ्फाच्या गॅरेजवस्तीत एका भंगारवाल्याकडे ती भिंतीला टेकून उभी होती. कुणा तेलवाल्या गोऱ्यानं आणली आणि जाताना सोडून दिली, असं तो म्हणाला. इथे सगळ्याच वस्तूंची गोष्ट अशी असते. फरशीला भोकं होती, मागच्या सीटखाली पोतंभर वाळू होती आणि बॉनेट उघडलं तेव्हा आतून एक पाल माझ्याकडे घरमालकासारखी बघत होती. रिकव्हरीच्या ट्रकवर घालून ती मी घरी आणली. मुलगी टोरांटोत असते. तिला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "बाबा, जस्ट बाय अ नॉर्मल कार."

बायकोला फोटो पाठवला नाही, फोनवर गाडीच दाखवली. ती पुण्याला असते, तिच्या आईकडे. तीन वर्षांपूर्वी आई घरात पडल्या, खुबा मोडला, तेव्हा ही पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली. रोज संध्याकाळी, इथे ज्याला परवानगी आहे त्या ॲपवरून, आम्ही व्हिडिओवर बोलतो. पहिल्या वर्षी तासभर बोलायचो. पुढेपुढे आईंच्या गोळ्या, फिजिओथेरपीवाला आणि बिल्डिंगची लिफ्ट एवढे विषय राहिले. ते दहा मिनिटांत संपतात.

गाडी बघून ती म्हणाली, "अहो, ही चालणार आहे का?"

"चालवणार."

"मग चालू झाली की येते मी. एअरपोर्टवर हीच घेऊन यायची. त्याआधी भंगार बघायला तिकीट काढणार नाही. आणि एसी पाहिजे. एसी नसला तर मी टॅक्सीनं जाईन, तुम्ही मागून या."

या बोलण्याला एक तारीख चिकटलेली होती. इथला नियम असा की फॅमिली व्हिसावरचा माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की त्याचा व्हिसा मरतो. म्हणून इथल्या बायका साडेपाच महिन्यांनी येतात, फ्रिज पुसतात, नवऱ्याचं वजन बघतात आणि परत जातात. याला आम्ही व्हिसाला हात लावणं म्हणतो. ही पाच वेळा हात लावून गेली. सहाव्या खेपेची मुदत नोव्हेंबरच्या मध्यात संपत होती. मी मार्चमध्ये निवृत्त होणार, कंपनीचं घर सोडणार. नंतर कसला व्हिसा आणि कसलं येणं. म्हणजे ती या घरात अजून एकदा येणार असेल तर नोव्हेंबरच्या आत, आणि गाडी चालू झाली तरच.

मी कामाला लागलो. इंजिन उतरवलं, उघडलं, पुन्हा बसवलं. मूळचा रेडिएटर इथल्या जुलैसाठी केलेलाच नव्हता. त्या जागी मोठा टाकला आणि दोन इलेक्ट्रिक पंखे लावले. पुढे डिस्क ब्रेक घातले. एसीचा कॉम्प्रेसर एका जपानी पिकअपचा बसवला, त्यासाठी तीनदा ब्रॅकेट कापलं. या असल्या गाड्यांच्या जाणकारांचं एक मंडळ आहे. ते दुबईत मॉलसमोर आपल्या गाड्या उभ्या करतात, पांढरे बूट घालतात आणि एकमेकांना ट्रॉफ्या देतात. त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं की परका कॉम्प्रेसर लावणं हा इतिहासाशी द्रोह आहे. त्याची स्वतःची गाडी ट्रेलरवर आली होती, आणि तो स्वतः एसी लावलेल्या नव्या गाडीतून.

फरशीचे पत्रे मुसफ्फातल्या एका पेशावरी डेंटरनं कापून दिले. वेल्डिंग मी केलं. दारं, मडगार्ड एकेक करून घासली आणि लगेच प्रायमर मारला. बॉनेट, छत आणि डिकी हे मोठे आडवे पत्रे शेवटी ठेवले. ऑक्टोबरात दोन दिवस रजा काढून ते घासायला घेतले. शनिवारी दुपारी संपले. सगळा पत्रा आरशासारखा उघडा पडला होता. प्रायमर कालवून ठेवला होता. माझ्याच रिपोर्टांत ठरलेलं वाक्य असतं: समुद्राकाठच्या हवेत उघड्या पोलादावर चार तासांच्या आत पहिला थर गेलाच पाहिजे. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, आज खंडेनवमी. हत्यारं पूजेत ठेवलीत का?"

"ठेवतो. रंग मारला की लगेच."

"म्हणजे पूजेच्या दिवशी हत्यार चालवणार? आज ठेवायची, उद्या दसऱ्याला उचलायची. एक दिवस काही होत नाही. बाबांचं वर्कशॉप होतं, त्यांनी नवमीला कधी पान्हा धरला नाही." मग थांबून म्हणाली, "मला बघायचंय. फोन टेकवून ठेवा कुठेतरी."

मी काचेच्या ठोकळ्याला फोन टेकवला. पाटावर नवं फडकं घातलं. पान्ह्यांचा संच, ग्राइंडर, रंगाची गन, आणि ऑफिसातून आणलेलं पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र मांडलं. ती तिकडून सांगत होती. फूल तिथे नको, इकडे. हळद आधी. अक्षता कुठे आहेत? डब्यात उजवीकडे बघा, मी ठेवलेल्या आहेत. खरोखरच होत्या. तीन वर्षांत तिनं या घरातली एक वस्तू मला शोधून दिली.

"आता गाडीवर स्वस्तिक काढा. कुंकू तेलात कालवा हं, पाण्यात नको, ओघळ येतात."

मी बॉनेटच्या मधोमध वीतभर स्वस्तिक काढलं. तिनं हात जोडले. मागून आईंचा आवाज आला, कोणाची पूजा चाललीय म्हणून. ती म्हणाली, "जावयाच्या गाडीची." त्या दिवशी आम्ही पन्नास मिनिटं बोललो.

मला सगळं माहीत होतं. गन पाटावर होती, हात लांब केला असता तर मिळाली असती, आणि पुण्याला काही कळलं नसतं. मी शेडचं दार ओढून घेतलं आणि घरात जाऊन बसलो.

सकाळी धुकं होतं. दार उघडलं तर छत, डिकी, बॉनेट सगळं कोऱ्या चहासारखं तांबूस झालं होतं. हात फिरवला तर तळव्याला पावडर लागली. दोन दिवसांचं काम तर गेलंच, वर जुन्या खळग्यांत जो गंज पुन्हा शिरला तो काढायला आठवडे जाणार होते. मी डेंटरला फोन केला.

"इंजिनियर साब, आप तो खुद ज़ंग के डॉक्टर हो. रात भर नंगा क्यों छोड़ा?"

मी त्याला नवमी समजावून सांगितली. औज़ारों के आराम का दिन.

तो विचारात पडला. "मतलब औज़ार को आराम और लोहे को सज़ा? चलो, इन्शाल्ला हो जाएगा. लेकिन नवंबर भूल जाओ."

नवंबर मी लगेच विसरलो नाही. ऑफिसातून आलो की रोज घासत होतो. छत झालं, डिकी झाली. बॉनेटला हात लावत नव्हतो. संध्याकाळी ती विचारायची, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, "रंगाचं चाललंय." ते खोटं नव्हतं. रिपोर्टांत असली वाक्यं आम्ही नेहमी वापरतो.

मुदतीला आठ दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, "दाखवा तरी." मी फोन घेऊन शेडमध्ये गेलो आणि बॉनेटवर धरला. मग फडक्यानं कुंकू पुसलं. आजूबाजूचा सगळा पत्रा तांबूस आणि मधोमध पांढरंशुभ्र, चकचकीत स्वस्तिक.

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे नवमीमुळे झालं?"

"तेवढं तेलामुळे वाचलं. पाण्यात कालवलं असतं तर तिथेच सगळ्यात जास्त गंजलं असतं."

"मी ते विचारत नाहीये. तुम्हाला माहीत होतं ना, असं होणार ते?"

"चार तासांत होतं. मीच लिहितो ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बऱ्याच दिवसांनी काहीतरी सांगितलं होतंस."

ती हसली. "तीस वर्षांत एकदा माझं ऐकलंत, तेही असं." मग हसणं थांबलं. "अहो, मी येणार नव्हतेच. आईला कोणावर टाकून येऊ? ती आता रात्री मला ओळखत नाही. मी आपली गाडीची अट घातली. वाटलं, ती काय होतेय. म्हणजे मला नाही म्हणावं लागलं नसतं. मग तुम्ही एकेक करत चाललात तशी मी दिवस मोजायला लागले."

मी फोन तसाच बॉनेटवर धरून उभा होतो. आमच्या रिपोर्टच्या फॉर्मवर एक रकाना असतो, मूळ कारणाचा. तो मोकळा ठेवता येत नाही, ठेवला तर सह्या मिळत नाहीत. त्या दुपारी मी गन का उचलली नाही, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. गाडी वेळेत झाली असती तर उत्तर तिला द्यावं लागलं असतं आणि मला ऐकावं लागलं असतं. एवढं मला पाटासमोर बसताना कळत नव्हतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

"एसी बसवला?" तिनं विचारलं.

"बसवला. थंड होतो."

"बरं केलंत," ती म्हणाली.

व्हिसा मेला त्या दिवशी काही झालं नाही. सरकारी ॲपमध्ये तिच्या फोटोखालची हिरवी ओळ लाल झाली. मी ऑफिसला गेलो.

बॉनेट शेवटी घासलं. गंमत अशी की जिथे गंज नव्हता तिथेच जास्त मेहनत होती. तेलावर रंग धरत नाही. थिनरनं चार वेळा पुसलं, तरी रंग सुकल्यावर त्या जागी सुईच्या टोकासारखे खळगे उठले. सूर्य खाली आला की तिरप्या उजेडात आकार ओळखू येतो. डेंटर म्हणाला, "साब, दो दिन में निकाल दूँगा." मी म्हटलं, "रहने दो."

जानेवारीत मुसफ्फात गाडीचं पासिंग झालं. तपासणाऱ्या पोरसवदा साहेबानं बॉनेट उघडून इंजिन बघितलं, "माशाल्ला" म्हणाला आणि मुल्किया, म्हणजे नोंदणीची चिठ्ठी, छापून दिली. ती वर्षभर चालते. मला त्यातले दोन महिने लागणार. डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी भारतात नेता येत नाही, हे मला ती भंगारवाल्याकडून उचलली तेव्हाही माहीत होतं. मार्चमध्ये ती कुणालातरी द्यायची.

तिथून घरी, रुवैसला परतायचा रस्ता अडीच तासांचा, सरळ. एका पंपावर थांबून मी फोन लावला, शेजारच्या सीटवर टेकवला, त्याला बेल्ट घातला आणि निघालो. थोड्या वेळात तो घसरला.

"अहो, मला नुसतं छत दिसतंय."

"कापड कसं वाटतं?"

"चांगलंय. नीट लावलंत." इंजिनचा आवाज मोठा होता. तिकडून आई काहीतरी ओरडून विचारत होत्या. "आई विचारतेय, मिक्सर कुणी लावलाय. आले गं, आले. अहो, ठेवते हं. सावकाश जा."

पडदा काळा झाला. समोर दोन्ही बाजूंना वाळू, मध्ये विजेचे खांब. तिच्या बाजूच्या एसीच्या जाळीतून गार हवा रिकाम्या सीटवर येत होती. ती जाळी मिटली तर माझ्या बाजूला जोर वाढतो, हे मी बसवतानाच बघून ठेवलं होतं. रुवैस येईपर्यंत मी ती मिटली नाही.