भटूची पितळी चूल

भटू साखर कारखान्यात फिटर होता. वाफेवरच्या पितळी नळ्या बदलण्यात त्याची उमर गेली. "पितळ तापनं म्हंजे वज्याखाले हळूहळू बसस. घाई नई करस, पन बसस," तापलेलं पितळ ओझ्याखाली हळूहळू वाकतं, हे तो प्रत्येक नव्या कामगाराला ऐकवायचा. निवृत्त झाला तेव्हा हे ज्ञान बहुधा ओळखपत्राबरोबर गेटवर जमा करून आला.

गेल्या श्रावणात कानबाई देवीचा रोट, म्हणजे घराण्याचा नैवेद्य, थोरल्या भावाकडे, उमाकांतकडे होता. तिथे खीर करपली. भटू भर पंगतीत म्हणाला, "दादा, तुले चूल मांडनं बी शिकाडनं पडी का?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बांधावर समोरासमोर आले की दोघांनाही आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

यंदा रोट भटूकडे होता. रोट भाऊबंदांनी एकत्र बसून संपवायचा असतो. बाहेरच्याला द्यायचा नाही, उरवायचा नाही. म्हणजे उमाकांतला यावंच लागणार होतं. भटूला तो मनापासून हवा होता. फक्त माफी मागावी न लागता हवा होता.

त्यासाठी चूल अशी हवी होती की थोरल्याने बघत राहावं. कानबाईच्या स्वयंपाकाला लोखंड चालत नाही, पितळच लागतं, असा नियम भटूने स्वतःच काढला आणि वाडवडलांच्या नावावर खपवला. शहाद्याच्या भंगारवाल्याकडून जाड पितळी कांबी आणल्या, विटांच्या दोन भिंतींवर आडव्या टाकल्या आणि गार चुलीवर स्वतः उभा राहून दाखवलं. कांबी तसूभर हलल्या नाहीत.

त्याची बायको दगूबाई त्यावर रोजचं पाणी तापवू लागली. काही दिवसांनी म्हणाली, "काजलना बाप, हंडा कलंडी ऱ्हायना." भटूने हंड्याचं बूड ठोकून सरळ केलं. हंडा पुन्हा कलला. मग जमीन खचल्याचा शोध लागला आणि हंड्याखाली खापराचा तुकडा गेला. कांबींकडे बघायचं त्याला सुचलंच नाही, कारण त्या त्याने बसवल्या होत्या.

कानबाईच्या दिवशी सकाळीच खिरीचं भलंमोठं पातेलं चुलीवर चढलं. लाकडं धडाडली, कांबी लालसर झाल्या. उमाकांत आला, कोणाशी न बोलता पाट ओढून थेट चुलीजवळ बसला. भटूचं डोकंच फिरलं. खीर करपायची वाट बघत बसलाय, दुसरं काय! दुपार झाली तरी उमाकांत जागचा हलेना. भटूही ईर्ष्येने लाकडं सारत राहिला.

आरती सुरू झाली तोवर कांबींनी मधोमध पुरता झोळ धरला होता. पातेलं एका अंगाला झुकलं. बायका ओरडायच्या आत उमाकांतने उपरण्यासकट दोन्ही हातांनी त्याचा काठ धरला आणि माणसं धावून येईपर्यंत सोडला नाही. थोडी खीर सांडली, बाकी वाचली. उमाकांतचे तळहात मात्र पोळून निघाले.

पंगत बसली. रोट तर उरवायचा नाही, आणि उमाकांतला घास उचलता येईना. शेवटी भटूच त्याच्यासमोर बसला आणि भरवू लागला. त्याला रडू येत होतं, आणि सगळ्यांसमोर येतंय म्हणून संतापही येत होता.

"दादा, मन्ही चूक व्हयनी," तो पुटपुटला. "पितळ बसनं. माले समजाले पाहिजे व्हतं."

"मी सकायपासून देखी ऱ्हायनू," उमाकांत घास गिळत म्हणाला. "म्हनीसन ते तठे बठेल व्हतू."

"मंग सांगं का नई?"

उमाकांतने त्याच्याकडे नीट बघितलं. "तू मन्हासंगे बोलत व्हता का?"

भटूने मान खाली घालून पुढचा घास कालवला.