बाकीचं ताई सांगतील

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, रॉबर्टला नाही. वसईच्या बहिणीला नाही. आणि दर उपवासकाळात कुमसाराला, पापं कबूल करायला जाते, फादरांपुढे गुडघे टेकते, तेव्हाही नाही. तिथे मी काय सांगते? मुलीवर ओरडले, शेजारणीबद्दल वाईट बोलले, शुक्रवारी मटण खाल्लं. फादर बिचारे तीन नमो मरिया म्हणायला सांगून सोडून देतात. नऊ वर्षं मी हलकं तेवढं तिथे सांगते आणि जड ते घरी ठेवून जाते. खरोखरच घरी ठेवून जाते — ते आमच्या शारजातल्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पाहुण्यांच्या रजयांमागे आहे. एक निळी पिशवी.

मग तुम्हालाच का सांगतेय? येत्या रविवारी शिवरामभाऊ येणार आहेत, म्हणून. त्यांच्यासमोर तोंड उघडण्याआधी हे एकदा कुठेतरी पूर्ण म्हणून बघायचंय. मध्येच थांबले तर समजून घ्या.

आधी शिवरामभाऊंबद्दल सांगते, कारण त्यांच्याबद्दल सांगायला मला आवडतं. रॉबर्ट हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपांच्या कंपनीत स्टोअरकीपर आहे. शिवरामभाऊ तिथल्याच यार्डात क्रेनला पाइप बांधून द्यायचं काम करतात. मूळचे कोकणातले, गाव तालुक्यापासूनही आडबाजूला. पहिल्यांदा घरी आले ते नाताळात — इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, हातात कोकमाच्या आगळाची बाटली. माझ्याहून वयानं मोठे, तरी उंबऱ्यातूनच मला ताई करून टाकलं. जेवताना म्हणाले, "ताई, तुमच्या वसईवाल्यांच्या कालवणात मासा शोधायला चष्मा लागतो." असा माणूस. आमच्या रूथला, तेव्हा ती पाच वर्षांची, ते तासन्‌तास कोकणातल्या भुतांच्या गोष्टी सांगायचे. ती इंग्रजीत प्रश्न विचारायची, हे मालवणी-हिंदी मिसळून उत्तर द्यायचे, आणि दोघांचं उत्तम चालायचं. मला सख्खा भाऊ नाही. ती जागा त्यांनी न विचारता भरली.

त्यांच्या बायकोचं, सुनंदावहिनींचं दुसरं बाळंतपण अडलं तेव्हा ते यार्डात होते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशनची खोली होती, टेबल होतं, डोक्यावरचा मोठा दिवाही होता. भूल देणारा डॉक्टर नव्हता. जागा मंजूर होती, भरलेली नव्हती. दाराला कुलूप. मग जीप करून जिल्ह्याला नेलं. वहिनी वाचल्या, बाळ नाही वाचलं. शिवरामभाऊंनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा ना ओरडले, ना कुणाला शिव्या दिल्या. एवढंच म्हणाले, "कुलूप होतं म्हणे."

ते कुलूप माझ्या डोक्यात बसलं. माझं काम दुबई मरीनातल्या एका टॉवरच्या ऑफिसात आहे — भाडेकरूंच्या तक्रारी. कुणाचा एसी गळतो, कुणाची लिफ्ट अडकते. तक्रार कशी लिहावी म्हणजे ती वरपर्यंत जाते, हे मला चांगलं येतं. त्याचा थोडा गर्वही आहे. त्याच सुमाराला माझी कॉलेजातली मैत्रीण मंगल मुंबईत एका आरोग्य-हक्काच्या संघटनेत काम करत होती. राज्याच्या अर्थसंकल्पात सरकारी दवाखान्यांसाठी पैसे वाढवा, रिकाम्या जागा भरा, आणि पेशंटला दारातून परत पाठवता येणार नाही असा कायदा करा — ही त्यांची मागणी. अधिवेशनाच्या आधी त्यांची मुंबईत जनसुनावणी होती, काही आमदार यायचे होते. लोकांची स्वतःच्या अक्षरातली पत्रं तिथे वाचून त्यांच्या हातात द्यायची, असं ठरलं होतं. मंगल म्हणाली, आखातातल्या माणसांची पत्रं आली तर फार वजन पडेल.

आणि मी — मीच — शिवरामभाऊंना म्हटलं, लिहा. मी त्याच महिन्यात भाचीच्या लग्नाला जाणार होते. म्हटलं, लिहा तुम्ही सगळे, मी नेते, मी उभी राहून वाचते.

ते थोडे बिचकले. इथे कामगारांच्या कॅम्पात सह्या-बिह्या गोळा करणं चालत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मग त्यांनीच वाट काढली. "सह्या नको ताई. प्रत्येकजण आपापलं पत्र लिहील. घरी पत्र लिहायला कोण अडवतो?" तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. चार शुक्रवार ते पत्रं घेऊन आले. कोकणातले, बीडचे, नंदुरबारचे. कुणी टाइमशीटच्या पाठीवर लिहिलेलं, कुणी दवाखान्याचे कागद जोडलेले, एकानं तर आईच्या कमरेचा एक्स-रेच गुंडाळून दिलेला. मी शुद्धलेखन दुरुस्त करायला पेन उचललं, तर माझा हात धरला. म्हणाले, "चुका राहू द्या. आमच्याच आहेत."

आता तुम्हाला आमची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथून कुणी गावी निघालं की आधी चार घरी सांगतं, आणि चार घरचं सामान त्याच्या बॅगेत येतं. कुणाच्या आईची औषधं, कुणाच्या पोराचे बूट. घेणारा उघडून बघत नाही, देणारा पावती मागत नाही. मी एकदा एका अनोळखी बाईच्या सासूला साताऱ्यात चष्मा पोचवलाय, आणि ते काही विशेष केलं असं मला तेव्हा वाटलंही नाही. माणूस फसवेल, उधारी बुडवेल, पण हातात दिलेलं पोचवतो. त्या निळ्या पिशवीच्या बंदाला शिवरामभाऊंनी दोन गाठी मारल्या आणि म्हणाले, "खलास. तुमच्या हातात दिलं म्हणजे पोचलं."

विमानतळावर माझी बॅग चार किलोंनी जास्त भरली.

रांग मोठी होती. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, मॅडम, काहीतरी काढा. मी बाजूला होऊन बॅग उघडली. आत काय होतं? भाचीसाठी मिक्सर. दूध पावडरचे डबे. पिस्ते, खजूर, अत्तराच्या बाटल्या, बहिणीनं यादी करून मागवलेली चॉकलेटं. आणि पत्रं. मी एक डबा काढला, आणि मग — मी निळी पिशवी काढली. सव्वादोन किलो. पिस्ते राहिले. दोरीपलीकडे रॉबर्ट उभा होता, त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "फोटो काढून पाठव नंतर, मी सांगते."

नंतर मी सांगितलंच नाही. पर्समध्ये अर्धी पत्रं सहज मावली असती. जादा वजनाचे पैसे भरता आले असते. हे सगळं मला तिथेच, त्याच मिनिटाला कळत होतं. पण लग्नाच्या घरी रिकाम्या हातानं कशी जाऊ, लोक काय म्हणतील — दुबईहून आली आणि काय आणलं? हाच विचार होता डोक्यात. दुसरा नव्हता.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाकडून होते. थांबा. मी अजून सांगितलेलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मंगलचा फोन आला. मी हातावर मेंदी लावून बसले होते, बहिणीनं फोन कानाला धरला. मंगलनं विचारलं, पत्रं घेऊन किती वाजता येतेस? आणि मी म्हणाले — मला वाटलंही नव्हतं मी असं काही म्हणेन, इतकं सहज तोंडातून आलं — म्हणाले, "अगं, पत्रं नाहीत. माणसं घाबरली. तिकडे असलं काही चालत नाही ना, ऐन वेळी सगळे मागे सरले."

त्रेसष्ट माणसं. त्यातला एकही मागे सरला नव्हता. मागे सरली ती फक्त मी. मंगल हळहळली, म्हणाली, बिचारे, त्यांचं तरी काय चुकलं. मेंदी वाळायला मी हात पुन्हा पंख्याखाली धरले.

परत आले तेव्हा शिवरामभाऊ विमानतळावरच, रॉबर्टबरोबर. गाडीत बसायच्या आत विचारलं, पोचली? मी म्हटलं, पोचली. रॉबर्टनं माझ्याकडे पाहिलं. रात्री त्याला सांगितलं की फोटो मागवायचे राहिले म्हणून मजकूर तोंडीच सांगितला. तेही खोटं. पण तिथे, रॉबर्ट बॅगा डिकीत ठेवत असताना, शिवरामभाऊंना नुसतं 'पोचली' पुरेना. काय झालं, कोण होतं, कुणी वाचलं? त्यांचा चेहरा असा होता की काहीतरी द्यावंसंच वाटलं. मी म्हटलं, एक पत्र मोठ्यानं वाचलं. कुणाचं? मी म्हटलं — तुमचं.

गाडी अर्ध्या रस्त्यात आली तेव्हा त्यांनी खिडकीकडे तोंड करून रुमाल काढला. त्या संध्याकाळी त्यांनी गावी फोन केला, कॅम्पात सगळ्यांना सांगितलं. दोन वर्षांनी त्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस भूल देणारा डॉक्टर यायला लागला, तर मला आगळाच्या दोन बाटल्या जास्त आल्या. "आपल्या पत्रानं दोन दिवस तरी कुलूप निघालं, ताई." दर वर्षी रजेवरून येताना आगळ, फणसाची साठं, कुळथाचं पीठ. दर वर्षी मी घेते. सोलकढी करते, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर सांगते की मला आज पित्त झालंय. रूथ आता चौदाची आहे. मागे एकदा म्हणाली, "मम्मा, यू नेव्हर ड्रिंक इट. व्हाय?" मी तिला ताटं उचलायला सांगितलं.

आता ते कायमचे गावी चाललेत. गुडघे गेले, यार्डात उभं राहवत नाही. गेल्या रविवारी आले होते. त्यांची थोरली, सायली, तिकडेच नर्स झालीय, आणि मंगलच्याच संघटनेबरोबर काम करते. कायदा अजून झालेला नाही. दोन दिवसांचे सात दिवस अजून झालेले नाहीत. या अधिवेशनाआधी पुन्हा सुनावणी आहे, आणि या वेळी सायली बोलणार आहे. तिनं बापाला सांगितलंय की सुरुवात त्याच पत्रानं करायची, जे नऊ वर्षांपूर्वी तिथे वाचलं गेलं होतं. शिवरामभाऊ चहा बशीत ओतत म्हणाले, "तुमच्याकडे झेरॉक्स असेल ना ताई? तुम्ही कागद जपून ठेवणाऱ्या." मी म्हटलं, शोधते. "आणि तुमचं नाव पण घेणार आहे ती. माझ्या ताईनं पोचवलं म्हणून." ते इतके खुशीत होते. मी त्यांना आणखी एक बिस्किट दिलं.

ती तिथे उभी राहील आणि मंगल समोर बसलेली असेल. मंगलला माझे शब्द आठवत असतील — माणसं घाबरली होती. भरल्या सभेत त्या पोरीचा बाप खोटा ठरेल. म्हणून आता मला सांगायला हवं. बघा, नऊ वर्षांनी सांगतेय तेही गळ्याशी आल्यावर. मंगलला काल फोन केला, खरं ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ठेवते.

त्यानंतर रजयांमागून पिशवी काढली. दोन गाठी तशाच होत्या. इतक्या वर्षांत मी त्यातलं एकही पत्र नीट वाचलं नव्हतं — तेव्हा फक्त शुद्धलेखन पाहिलं होतं. शिवरामभाऊंचं सगळ्यात वर होतं. एकच पान. बाळाचं एका ओळीत. कुलपाचं दोन ओळींत. बाळ सात पौंडांचं होतं, जीपवाला चांगला होता, त्यानं पैसे घेतले नाहीत. भूल देणारा डॉक्टर बारा महिने असावा, आणि तसा कायदा व्हावा म्हणजे कुणाला हात जोडावे लागणार नाहीत. खाली सही, आणि सहीच्याही खाली, जागा उरली नव्हती म्हणून आडवं लिहिलेलं —

'मला जास्त लिहिता येत नाही. बाकीचं पत्र आणणाऱ्या ताई सांगतील.'

पिशवीला पुन्हा दोन गाठी मारून ती मी दाराशी ठेवली आहे. रविवारी ते येतील. चहा ठेवायच्या आधी सांगणार आहे.