त्या वर्षीचं धोंड्याचं वाण

त्या वर्षी श्रावण अधिक आला आणि माझी देवाशी भांडणं सुरू झाली. अधिक महिन्यात जावयाला नारायण मानून घरी बोलवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि हातावर चांदीचं वाण ठेवायचं, ही आमच्या भागातली रीत. आम्ही तसे महादेवाचे, गळ्यात लिंग बांधणारे. पण जावयाचा विषय निघाला की आम्हालाही नारायण चालतो. माझा जावई शिवराज मात्र सकाळी चूळ भरायच्या आधी दारू पीत होता. रोज पूजेला बसले की मी महादेवाला विचारायची, याला कुठल्या तोंडानं ओवाळू? आणि तो दगडासारखा गप्प बसायचा.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या जीपा. शिवराजला तिथं ड्रायव्हरची नोकरी लागली तेव्हा मी माझ्या भांड्यांच्या दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवला होता. मग पावसानं पाठ फिरवली आणि त्याला पाण्याच्या टँकरवर पाठवलं. एका गावात बायका सकाळपासून घागरी घेऊन उभ्या असताना त्यानं पिऊन टँकर विहिरीच्या कठड्यावर घातला. सगळं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत मातीत गेलं. कुणी मेलं नाही ही कृपाच. साहेबांनी गाडीची किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, बरा होऊन ये, नाहीतर येऊ नकोस. डॉक्टरांनी महानंदाला, माझ्या लेकीला, याहून वाईट सांगितलं. लिव्हर खराब होत चाललंय, असंच चाललं तर दिवाळी दिसणार नाही. दोन लहान लेकरं पदरात, आणि ती माझ्याकडं अशी बघायची जणू तिच्या आईच्या दुकानात नवरा बरा करायचं भांडंही मिळतं.

उपाय सांगणारे मात्र उदंड झाले. लातुरातला एक डॉक्टर म्हणे दोन दिवसांत सुया टोचून दारू तोडतो, पण पैसे सगळे आधी. नांदेडला एक लहान दवाखाना होता, तिथं महिनाभर ठेवतात आणि घरचं एक माणूस सोबत लागतं. वर ते खात्रीही देत नाहीत. खात्री नाही तर पैसे कशाचे? कल्हई टिकेल की नाही ठाऊक नाही असं मी गिऱ्हाईकाला सांगितलं तर ते थांबेल का? मला पटला तो तिसरा उपाय. देगलूरकडं एक जण पुडी देत असे. कालवणात गुपचूप घालायची, पिणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. स्वस्त, शिवाय चारचौघांत बोभाटा नाही. मी पहाटेच्या एसटीनं एकटीच निघाले.

घरात त्या दिवशी पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून पूजा राहिली होती. पूजेशिवाय आम्ही तोंडात पाणीही घेत नाही. वाटलं, उदगीरला गाडी बदलताना करू. तर स्टँडवरचे सगळे नळ कोरडे. ऊन चढलेलं, घशाला कोरड पडलेली, आणि मी बाकावर बसून मनातल्या मनात महादेवाला नको नको ते बोलत होते. इतकी वर्षं तुझ्यावर पाणी घातलं, आज तू मला तेवढंही देईनास?

शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. तिच्याजवळ पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या होता; भांडी विकणारीची नजर आधी तिथंच गेली. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पाणी पाहिजे का, बाई?"

"प्यायला नको. पूजा राहिलीय," मी म्हणाले.

तिनं फिरकी उघडली, आणि मग हात आखडला. "आम्ही जयभीमवाले हावोत. चालंल का आमचं पाणी तुमच्या देवाला?"

मी क्षणभर थांबले. खोटं कशाला बोलू, थांबले. आमच्या धर्मात भेद नाही असं लहानपणापासून ऐकत आले होते, पण ऐकलेलं वेगळं आणि तळहात पुढं करणं वेगळं. मग मी लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि हात तिच्यापुढं धरला. तिनं धार धरली, अगदी बारीक, जपून. तेच पाणी मी तीर्थ म्हणून प्याले. दुष्काळात स्वतःच्या वाटेचं पाणी दुसऱ्याच्या देवावर ओतणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिचं नाव गयाबाई. मन हलकं झाल्यामुळं असेल, मी तिला सगळं सांगून बसले, पुडीचंसुद्धा. ती एकदम ताठ झाली.

"तिकडं जाऊ नका, बाई. माझ्या भावाला वहिनीनं तसलीच पुडी घातली. त्याला ठावं न्हाई अन् वरून तो पिऊन आला. छाती धरली अन् बसल्या जागी गेला. लई तरणा होता हो."

गयाबाई लेकीला भेटायला उदगीरला आली होती आणि आता परत नांदेडला चालली होती. तिचा मुलगा त्याच दवाखान्यात होता, जो मी खात्री देत नाही म्हणून सोडून दिला होता. समोर देगलूरची गाडी लागली. मी उठले नाही. गयाबाईंच्या मागं नांदेडच्या गाडीत बसले. हे कुणी घडवलं यावर मी वाद घालत नाही. कंडक्टर ओरडला आणि मी चढले, एवढंच मला ठाऊक आहे.

तिथले डॉक्टर मोजकं बोलले. "सोडायची त्यांनाच आहे. पहिले काही दिवस जिवाला धोका असतो, तेवढा आम्ही सांभाळू. पण चोरून औषध देणार नाही. त्यांना सांगून, त्यांच्या मर्जीनं आणा." मी विचारलं, पुन्हा प्याला तर? ते म्हणाले, "तर पुन्हा आणा." या माणसाला धंदा कळत नाही, असं मला वाटलं आणि त्याच्यावर विश्वास बसला.

वाणासाठी ठेवलेलं चांदीचं ताट आणि निरांजन मी सराफाला देऊन टाकलं. पैशाची सोय झाली, पण सासुरवाडीच्या पैशानं औषध घ्यायला शिवराज मरेपर्यंत तयार झाला नसता. मग मी रीतीलाच धरलं. त्याला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं, पाय धुतले, ओवाळलं. त्याचे हात इतके थरथरत होते की सुपारी गळून पडली. वाण म्हणून त्याच्यापुढं साधं पितळी ताट ठेवलं. त्यात दोन लुंग्या, पंचा, साबण, दाढीचं सामान.

"हे काय, मामी?"

"नांदेडच्या दवाखान्यात महिनाभर राहायला लागतंय तेवढं. दवाखान्याचे पैसे मी भरून आलेय. अधिकाचं वाण परत करत नसतात, जावईबापू."

त्यानं ताट जवळ ओढलं आणि तो लहान लेकरासारखा रडला. महानंदाही आतल्या खोलीत रडत होती. मी रडले नाही, कारण मला अजून भरवसा नव्हता.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. वर्षभरानं एकदा तो घसरला. पण त्या खेपेला स्वतःच पिशवी भरून नांदेडला गेला. नंतर नोकरी परत मिळाली, लेकरं मोठी झाली. पण मला सांगायचं आहे ते पहिल्या खेपेच्या एका दुपारचं.

महानंदाला लेकरं सोडवत नव्हती, म्हणून दुकानाला कुलूप लावून सोबतीला मीच राहिले होते. सासूनं जावयाची शुश्रूषा करायची, बघणारे हसायचे. सुरुवातीचे दिवस भयंकर होते. त्याला भिंतीवर मुंग्या दिसायच्या, घामानं अंथरूण भिजायचं, तो मला नाही नाही ते बोलायचा. मी रोज पूजेत मागणं मागायची, आणि एके दिवशी मागायचंही त्राण उरलं नाही. नुसती लिंगाकडं बघत बसले. माझी अक्कल संपली, आता तुझं तू बघ, एवढंच मनात आलं. आश्चर्य म्हणजे भीती वाटली नाही. त्या दिवशी घास काही घशाखाली उतरला नाही.

दुपारी शिवराज उठून बसला. नजर शांत होती. "मामी, भूक लागलीय," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यानं हे म्हटलं नव्हतं. माझ्याजवळ काही नव्हतं, जेवणं उरकून गेलेली. पलीकडच्या खाटेजवळ गयाबाई मुलासाठी आणलेली शिदोरी सोडत होत्या. त्यांनी न विचारता एक भाकरी आणि ठेचा त्याच्या हातात दिला. तो मान खाली घालून अधाशासारखा खाऊ लागला, आणि अर्ध्यातच थांबला. माझ्याकडं बघून म्हणाला, "मामी, तुम्ही जेवलात का?"

घरात चूल पेटलीय का हेही ज्यानं वर्षभर विचारलं नव्हतं, त्या माणसानं हे विचारलं. ओवाळताना जो नारायण मला दिसला नव्हता, तो माझ्यासमोर खाटेवर बसून उष्ट्या हातानं अर्धी भाकरी पुढं करत होता. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावून खाल्ली.