एकाच नावाच्या दोघी

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात मी बावीस वर्षं केसपेपरच्या खिडकीत बसत होते. नाव, वय, गाव विचारायचं, कागद भरायचा, जुनी फाइल शोधायची, पुढच्याला हाक मारायची. एका सोमवारी आमचे मोठे डॉक्टर एका बाईंना घेऊन आले आणि म्हणाले, "या आठ दिवस तुमच्या शेजारी बसतील. कॉम्प्युटरचं काहीतरी बनवतायत. त्यांना बघू द्या."

बाई चाळिशीच्या असतील. बंगळूरला एका बड्या कंपनीत हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या, हे मला नंतर कळलं. तिथलं सॉफ्टवेअर मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांनाच झेपायचं. तालुक्याच्या वीस-पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात चालेल असं काही करायचं म्हणून ती नोकरी सोडून त्या माहेरी, नाशिकला आल्या होत्या. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच वाटलं, की आता आपली नोकरी जाणार आणि जिच्यामुळे जाणार तिला चहा आपणच पाजायचा.

पहिले दोन दिवस त्या स्टुलावर बसून नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काय लिहिता?"

मी ओशाळले. ते कुणी सांगितलेलं काम नव्हतं. "ऐकू कमी येतं", "सोबत कोणी नाही", "वाचता येत नाही" असं मी लिहायची, आत सिस्टरला आधीच कळावं म्हणून.

"माझ्या प्रोग्रॅममध्ये याला जागाच नाहीये," त्या म्हणाल्या आणि गठ्ठ्यातले आणखी कागद काढून त्यांचे कोपरे वाचू लागल्या.

आठव्या दिवशी निघताना म्हणाल्या, "माझ्याकडे नोकरीला याल?"

"मला कॉम्प्युटर येत नाही हो."

"तो येणारे चौघं आहेत माझ्याकडे. खिडकीत बसलेलं कुणीच नाही."

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कंपनी बदलतेस?" पण गेले मी. गंगापूर रोडला मिठाईच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. माझं काम म्हणजे त्या मुलांनी बनवलेलं वापरून बघायचं आणि जिथे अडेन तिथे थांबायचं. मी सारखी अडायची. मॅडम मुलांना सांगायच्या, "ताई अडल्या म्हणजे चूक आपली."

वर्षभरात आमची सिस्टिम घोटी, येवला, कळवण, सिन्नर अशा नऊ हॉस्पिटलांत सुरू झाली. मुंबईहून भांडवल घालणारे एक गृहस्थ भागीदार झाले, ऑफिसात चारची दहा मुलं झाली. मॅडमचं नाव व्हायला लागलं, सभांना बोलावणी येऊ लागली. मलाही बरं वाटायचं. आणि मग एका दुपारी कळवणहून फोन आला.

तिथल्या हॉस्पिटलात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एक आजी दाखल होत्या. सिस्टर स्क्रीनवर बघून इन्सुलिनचं इंजेक्शन भरून घेऊन गेली. पण मुलगी चौकस होती. टोचायच्या आधी तिनं विचारलं, "आजी, साखर कधीपासून आहे?"

आजी म्हणाल्या, "मला कुठं साखर? मी तं चहात दोन चमचे घेते."

साखर दुसऱ्याच बाईला होती. त्याच गावच्या, त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या. नवऱ्याचं नावही तेच. आमच्या सिस्टिमनं दोघींना एकच समजून दोन फाइली एकत्र करून टाकल्या होत्या.

फोन ठेवून मॅडम तडक आतल्या खोलीत गेल्या. प्रोग्रॅमचा हा भाग लिहिणाऱ्या मुलाला त्या सगळ्यांसमोर नको नको ते बोलल्या. पंधरा दिवसांनी तो सोडून गेला. पुढे मॅडमनी त्याला फोन केला, माफी मागितली. तो परत आला नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात एवढा आदर असूनही ती दुपार मला आवडत नाही, आणि त्यांनाही आवडत नाही हे मला माहीत आहे.

पण त्याच दुपारी पुढच्या तासाभरात त्यांनी जे केलं, तेही मी पाहिलं. भागीदारांचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून आम्ही ऐकला. "कुणाला काही झालेलं नाही ना? मग गुपचूप दुरुस्त करा. बोभाटा कशाला?"

"झालं नाही ते त्या सिस्टरमुळे," मॅडम म्हणाल्या. "आपल्यामुळे नाही."

मग एकेक करून नऊही डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन लावले. प्रत्येकाला एकच वाक्य: "आमच्या सिस्टिममध्ये धोकादायक चूक आहे, आत्ता बंद करा, कागदावर काम सुरू करा, मी येऊन सांगते." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या निघाल्या. सोबत मी. येवल्याला एक डॉक्टर पेशंटांदेखत ओरडले, "आम्ही काय तुमच्या प्रयोगाला बसलोय का?" मॅडम म्हणाल्या, "तुमचं रागावणं बरोबर आहे," आणि चूक नेमकी कशी झाली ते शांतपणे सांगत राहिल्या. त्या डॉक्टरांनी आणि आणखी दोघांनी आमची सिस्टिम कायमची बंद केली. भागीदारही गेले.

कळवणला सिस्टरचे आभार मानून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्या दोघींना भेटायचंय." ऑपरेशन झालेल्या आजी आता घरी होत्या. गावात गेलो तर दुसरीही त्यांच्याच ओट्यावर बसलेली. मॅडमनी झाला प्रकार सांगितला. हातचं काही राखलं नाही. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

"अवो, टपालवाला बी चुकतो," साखरवाली म्हणाली.

"मग गावात कसं ओळखतात तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"मी मळ्यातली, ही वेशीवरली. समद्यांना ठाऊक हे. तुमच्या मशिनीनं इचारलंच नाय, तं आमी काय सांगणार?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. परतताना दिंडोरीजवळ त्यांनी गाडीत ती वही पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "ताई, मी वीस वर्षं या धंद्यात आहे. पेशंटला त्याची ओळख विचारावी हे मला सुचलं नाही."

चार महिने आम्ही काही विकलं नाही. तिघं सोडून गेले, राहिलेल्यांचे पगार अर्ध्यावर आले. मी राहिले, कारण मला ते काम पुरं झालेलं बघायचं होतं. आता दोन फाइली सिस्टिम आपण होऊन जोडत नाही. खिडकीतल्या माणसाला विचारते, आणि तो माणूस पेशंटला विचारतो. सहा हॉस्पिटलं पुन्हा सुरू झाली. त्यांच्याच डॉक्टरांनी दुसऱ्यांना सांगितलं. "चूक झाली तर ही बाई स्वतः फोन करते," एवढ्या एका गोष्टीवर आम्हाला जितकी कामं मिळाली, तितकी कुठल्या सभेनं दिली नव्हती. येवल्याचे डॉक्टर मात्र शेवटपर्यंत आमच्याकडे परत आले नाहीत.

गेल्या वर्षी मॅडमनी कंपनीचं प्रमुखपद आमच्यातल्याच एका मुलीला दिलं. तेव्हा सातपूरला आमचं स्वतःचं ऑफिस होतं आणि मला सगळ्यांची नावंही माहीत नव्हती. मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "सकाळी उठले की हात फोनकडे जातो."

हल्ली त्या पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर असतात. तिथल्या आरोग्यसेविका चालत घरोघर जातात. फोनला रेंज नसताना त्यांनी नोंदी कशा ठेवायच्या, यावर काही करायचं म्हणतात. परवा त्यांचा फोन आला. मी विचारलं, "काय बनवलंत?"

"अजून काहीच नाही. तीन आठवडे त्यांच्यामागे नुसती चालतेय. पाय सुजलेत," असं म्हणाल्या आणि रेंज गेली.