फळ्यावरचं कात्रण

“दोन ओळींत मावतं सगळं,” असं म्हणत ते टेबलावर बोटं आपटून अक्षरं मोजायचे.

परदेशी चित्रपटांची मराठी सबटायटल लिहिणं हे त्यांचं काम. पडद्याखाली एका वेळी दोनच ओळी बसतात. परळच्या एका छोट्या स्टुडिओत मी परीक्षणासाठी चित्रपट आगाऊ बघायला जायचो, तिथली आमची ओळख. खालच्या ओळी आपण सगळेच वाचतो. त्या कोणी लिहिल्या, हे किती जण बघतात? मीही बघत नव्हतो.

“काय पत्रकार, कपडेवाल्याचंसुद्धा नाव छापता. आमचं कधी?”

“जागा नसते हो.”

“एक ओळ नाही?”

ते नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. तिथे जुना रिवाज होता. चाळीतल्या कुणाचं नाव पेपरात आलं की कात्रण बुद्धविहाराबाहेरच्या फळ्यावर लागायचं, नावाखाली लाल रेघ मारून. त्यांच्या मुलीचं दोनदा लागलं होतं. “घरात मीच एक बिनरेघेचा,” ते म्हणत.

मग एक ब्रिटिश थरारपट आला. अगदी स्वस्तातला. तीन खोल्या, एक गाडी, समुद्राकाठचं उदास गाव. बायको आणि नवऱ्याचा धंद्यातला भागीदार मिळून नवऱ्याचा काटा काढायच्या बेतात असतात. नवऱ्याला सगळं कळलेलं असतं. तरी भागीदार घरी आला की तो त्याला चहा करून देतो.

“पटत नाही,” मी म्हणालो. “असं कोण वागेल?”

त्यांनी चित्रपट थांबवला.

“मी वागलो ना. वर्षभर. माझाच दोस्त. आला की चहा मीच टाकायचो, आलं घालून.”

“का?”

“पोरगी लहान होती. हातात कप असला की माणूस आवाज चढवत नाही.” मग बोटं आपटली. “बायको दोस्ताबरोबर गेली. पोरगी माझ्याकडे राहिली. मावलं की नाही?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“पोरीला ठाऊक नाही हां. आमचं पटलं नाही, एवढंच सांगितलंय. दर रविवारी माझगावला जाते आईकडे. जाऊ दे. तिची आई आहे.”

त्याच संध्याकाळी मी परीक्षण लिहिलं. चहाचा प्रसंग खोटा वाटेल, पण नायगावच्या चाळीतल्या एका गृहस्थाने बायकोच्या प्रियकराला वर्षभर आल्याचा चहा पाजला आहे, असं त्यात एक वाक्य होतं. गृहस्थाचं नाव नव्हतं. आमच्या धंद्यात एवढी काळजी पुरेशी मानतात. आणि लेखाच्या तळाशी, पहिल्यांदाच, सबटायटल लिहिणाऱ्याचं नाव दिलं.

दोन्ही गोष्टी एकाच लेखात आल्या हे लक्षात आलं नाही, असं मी पुढे लोकांना सांगितलं. आलं होतं. वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून काढलं नाही.

सकाळी त्यांचा फोन आला. “जय भीम, पत्रकार! नाव आलं! शेवटची ओळ तेवढी बघितली. फळ्यावर लावून येतो, मग निवांत वाचतो.”

आधी वाचा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, “अभिनंदन.”

चार दिवसांनी ते स्टुडिओत भेटले. आवाज चढलेला नव्हता.

“पोरगीच उभी होती फळ्यापुढे. नावापासून सुरुवात केली आणि खालून वर वाचत गेली.” मग म्हणाले, “या रविवारी माझगावला गेली नाही.”

मी माफी मागायला लागलो. मुदत, संपादक, हेतू, असं बरंच बोललो. त्यांची बोटं टेबलावर पडत होती. मग थांबली.

“जास्त होतंय, पत्रकार.”

त्यानंतर ते त्या स्टुडिओत आले नाहीत. माझा फोन त्यांनी उचलला नाही.

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली तेव्हा मी गेलो. त्यांच्या दाराला कुलूप होतं. नवा पत्ता कुणी दिला नाही. मी कोण, हे शेजाऱ्यांना माहीत होतं. फळा अजून भिंतीवर होता. माझा लेख नखांनी खरवडून काढला होता. तळाची एक पट्टी तेवढी शाबूत होती. तिच्यावर त्यांचं नाव, खाली लाल रेघ.

ते नाव मी इथे लिहीत नाही.