बंद प्रसूतिगृहाचे तीन युनिट

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचत होते. घराला कुलूप असलं की वहीत शेरा मारायचा, ‘दार बंद’, आणि पुढे जायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या टिपणांतून कायमच्या बंद इमारतींची यादी काढली. अडतीस निघाल्या. “आयुष्यभर बाहेरून पाहिल्या, वहिनी. आता आतून बघणार,” म्हणाले.

मालक शोधायचा, परवानगी मिळवायची आणि टॉर्च घेऊन आत शिरायचं. आमचे हे गेल्यावर भावजी मलाही ओढून नेऊ लागले. एका बंद तरणतलावाच्या कपाटात कुणाचा तरी टॉवेल घडी घालून ठेवलेला सापडला, तेव्हा आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखी हसलो. जाऊबाई म्हणायच्या, “घरातल्या माळ्यावर चढा म्हटलं की यांचे गुडघे दुखतात.”

यादीतल्या एका इमारतीबद्दल मात्र ते बोलत नसत. बाजारामागचं प्रसूतिगृह. ते बावीस वर्षांपूर्वी बंद पडलं, वारसांत वाद लागला, म्हणून वीजजोडणी कुणी तोडली नाही. मीटर बाहेर, मागच्या भिंतीवर. भावजींच्या वाचनात दर महिन्याला तीन युनिट वाढलेले. साहेबांनी बोलावून विचारलं, “कुलूपबंद इमारतीत वीज कोण जाळतं, भूत? घरी बसून आकडे भरता काय?” त्यांनी खात्रीसाठी दुसरा माणूस पाठवला. तो मीटरसमोर क्षणभर उभा राहिला, आतली फिरती चकती हलताना दिसली नाही, ‘वापर शून्य’ लिहून परत आला. भावजींना मेमो मिळाला, त्यांचा भाग बदलला, आणि कचेरीत नाव पडलं ‘तीनयुनिट’. ज्या माणसानं एक आकडा कधी अंदाजानं लिहिला नाही, त्याला हे नाव. कुणी त्या नावानं हाक मारली की ते बहिऱ्यासारखे पुढे चालू लागत.

गेल्या शनिवारी कळलं की सोमवारी ती इमारत पाडणार. माझा धाकटा तिथेच झाला, म्हणून मी त्या वर्षाची डायरी काढली. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी डायरीची शिस्त लावली होती: आधी वेळ, मग पाहिलेलं, मग वाटलेलं, आणि वाटलेलं थोडक्यात. त्या दिवशी मी लिहिलं होतं, ‘पहाटे चार वाजून बारा मिनिटे. समोर मोठे घड्याळ. नर्स म्हणाली, बाळाची वेळ चुकू नये म्हणून याची वायर वेगळी आहे, मेन स्विच बंद केला तरी हे चालते.’

मी उभीच राहिले. भावजींचं उत्तर इतकी वर्षं माझ्या पेटीत पडून होतं. फोन लावून वाचून दाखवलं.

“पुन्हा वाचा,” ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

“वहिनी, टॉर्चमध्ये नवे सेल घाला.”

रविवारी सकाळी नऊला आम्ही फाटकाशी होतो. पाडकामाचा मुकादम आमच्याकडे पाहून म्हणाला, “आजी, आत जनावर-बिनावर असेल.”

“असू दे, आम्हाला त्याचं मीटर वाचायचं नाही,” भावजी म्हणाले. “वीज तोडली का?”

“वायरमन उद्या येणार.”

भावजींनी माझ्याकडे पाहिलं आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. मी मागून ‘हळू, हळू’ करत. वर पाळणे एकात एक रचलेले, वजनकाट्याच्या पारड्यात कबुतराचं घरटं. शेवटच्या खोलीचं दार फुगलं होतं. मुकादमानं खांदा लावला. आत मिट्ट काळोख. टॉर्चचा झोत भिंतीवर गेला. धुळीनं पांढरं झालेलं गोल घड्याळ तिथेच होतं. भावजी स्टुलावर चढले, रुमालानं काच पुसली, आणि आम्ही तिघांनी श्वास रोखला.

सेकंदाचा काटा फिरत होता.

वेळ साफ चुकीची, सहा वाजून पाच. जितका वेळ वीज गेली तितका वेळ ते थांबलं, आणि आली की मुकाट्यानं पुन्हा कामाला लागलं. मला टाळी वाजवावीशी वाटली. भावजी मात्र म्हणाले, “नुसतं दिसून चालायचं नाही. साहेब म्हणतील, दुसरंच काहीतरी वीज खात असेल. तुम्ही मीटरवर जा.”

मी मागच्या भिंतीशी मनगटावरचं घड्याळ धरून उभी राहिले. मुकादम वरची बंद खिडकी उघडून तिथे निरोप्या. चकतीवरची लाल खूण मुंगीपेक्षाही सावकाश सरकत होती, पण सरकत होती. एका फेरीला बारा मिनिटं.

“प्लग काढला,” मुकादम वरून ओरडला.

चकती थांबली. पाच मिनिटं मी पापणी हलवली नाही.

“थांबली,” मी ओरडले.

“लावला.”

लाल खूण पुन्हा सरकू लागली. हे आम्ही तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला मुकादमच म्हणाला, “आजी, अजून एकदा करू, मजा येतेय.” त्यानंच मालकांना फोन करून घड्याळ आम्हाला मिळवून दिलं.

भावजी घरी वळलेच नाहीत. घड्याळ बगलेत मारून थेट साहेबांकडे. साहेब आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी घड्याळ स्वतःच्या भिंतीतल्या प्लगला लावलं, माझी डायरी चष्मा पुसून वाचली, मी टिपलेल्या मीटरच्या नोंदीही वाचल्या.

“बारा मिनिटं,” ते म्हणाले. “आणि आमचा माणूस किती वेळ थांबला होता?”

“ते त्यालाच माहीत, साहेब.”

“तेव्हा मी स्वतः जायला हवं होतं. चुकलो मी.”

भावजींनी मान हलवली, प्लग काढला आणि घड्याळ पुन्हा बगलेत मारलं.

परतताना नाक्यावर त्यांच्या कचेरीतला एक जुना सोबती भेटला. “काय तीनयुनिट, घड्याळ विकायला काढलं का?”

भावजी थांबले. वळले.

“ओ,” म्हणाले. “इकडे या, दाखवतो.”